हवा उपसणारी

संचिताने साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं रेग्युलेटरवर पिळलं आणि खाली वाकून बघत राहिली. फेस गप्प बसून होता. एकही बुडबुडा फुगला नाही. मग तिने फडकं नळीवरून सावकाश शेगडीपर्यंत ओढत नेलं आणि तिथल्या सांध्यावरही पाणी पिळलं.

जेटीवर सांगलीहून आलेलं मोठं कुटुंब केशरी जाकिटं घालून उभं होतं. त्यांच्यातल्या हिरव्या ओढणीच्या बाईने विचारलं, "सिलिंडर धुताय का?"

"नाही, तपासतेय," संचिता म्हणाली.

सुकाणूपाशी तिचे सासरे बसले होते. सगळं देवबाग त्यांना दाजी म्हणे, घरातही तेच नाव. खाडीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "पूजा झाली असात तर निघुया. ओहोटी तुझ्यासाठी थांबाची नाय, गो."

"झाली."

"रोज रोज कसली ती पूजा!"

होडीच्या मागच्या टोकाला उघड्यावर ठोकलेल्या लाकडी चौकटीत संचिताने सिलिंडर उभा केला, दोरीची गाठ आवळली आणि पाहुण्यांना हात द्यायला पुढे गेली.

होडी दाजींची. तरुणपणी त्यांनी तिच्यावर जाळी ओढली, पुढे पर्यटक आले तेव्हा तिच्यावर बाकडी ठोकली, कापडी छप्पर चढवलं. त्यांचा मुलगा मंगेश मालवाहू जहाजावर नोकरीला होता. वर्षातला मोठा भाग तो घरी नसे. होडीवर न्याहारी द्यायची कल्पना त्याच्या बायकोची, संचिताची. खाडीत नांगर टाकायचा, गरम घावणे, तळलेला बांगडा, चहा. पाहुणे खूश होते. दाजीही खूश होते. फक्त सिलिंडर कुठे ठेवायचा यावरून दोघांत धुमसत होतं. पूर्वी दाजी चहापुरता घरचाच लाल सिलिंडर आणत आणि बाकड्याखालच्या पेटीत ठेवून झाकण लावत. पाहुण्यांच्या नजरेला पडू नये, एवढाच त्यांचा हिशेब.

संचिताने पहिल्याच दिवशी तो घरी परत नेला आणि मालवणात गॅस एजन्सी गाठली.

"हॉटेल कुठलं?" तिथल्या माणसाने विचारलं होतं.

"हॉटेल नाही. होडी."

त्याने पेन खाली ठेवलं. "ताई, स्टॉल म्हणून सांगा. होडी म्हणून कुणी सांगतं का?"

"मी सांगते. होडीवर वापरणार, तर होडीच म्हणणार. काय काळजी घ्यायची ते तुम्ही मला सांगायचं."

मागची माणसं कुरकुरू लागली. ती काउंटरवरून हलली नाही. शेवटी आतून मालक बाहेर आला. त्याला तिचा राग आला की गंमत वाटली ते कळलं नाही, पण त्याने तिला खुर्ची दिली आणि सगळं नीट सांगितलं. सिलिंडर कायम उभा, उघड्यावर, बांधलेला. काम झालं की शेगडीबरोबर रेग्युलेटरही बंद. हा गॅस हवेपेक्षा जड. वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि सगळ्यांत खोल जागी साचतो. घरात दाराच्या फटीखालून थोडा तरी बाहेर जाईल.

"होडीच्या तळाला दार नसतं," तो म्हणाला होता.

त्याने दिलेल्या पहिल्या व्यापारी सिलिंडरच्या तोंडातलं रबर चिरलेलं होतं. संचिताने तो परत केला. दुसरा घेतला, नवी नळी घेतली, क्लिपा घेतल्या.

"म्हणजे इतकी वर्षां आमी मराक बसललंव?" दाजींनी त्या संध्याकाळी विचारलं होतं.

"तसा मी म्हणूक नाय."

"मगे काय म्हणतंस?"

"सिलिंडर भायर रवतलो, इतक्याच म्हणतंय."

त्यानंतर दाजी ती चौकट पाहुण्यांना दाखवून हसत. आमच्या सुनेचं देवघर, म्हणत. तीही ते ऐकत घावणे घालत राही.

त्या सकाळी खाडीच्या मधल्या वाळूच्या बेटाजवळ नांगर पडला. पाहुणे पोटभर जेवल्यासारखं जेवले. माशाचे काटे पाण्यात पडले तशा घारी खाली झेपावू लागल्या आणि सगळे फोन घेऊन पुढच्या टोकाला गर्दी करून उभे राहिले. संचिता बशा गोळा करायला त्यांच्यात शिरली. मागे एका तरुणाला सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचा होता.

"आजोबा, तो सिलिंडर मधे येतोय."

दाजींनी शेगडीची कळ बघितली. बंद होती. त्यांनी दोरी सोडली, सिलिंडर उचलून बाकड्याखालच्या जुन्या पेटीत ठेवला आणि पायाने झाकण लोटलं. जड फळीचं ते झाकण नळीवर बसलं. चहाची दुसरी फेरी बाकी होती, म्हणून रेग्युलेटर चालूच होता. फोटो निघाला, मग आणखी बरेच निघाले. ओहोटीने जोर धरला तसे दाजी उठले, नांगर ओढून घेतला आणि सुकाणूपाशी येऊन त्यांनी इंजिनाला चावी लावली.

बशांची चळत घेऊन संचिता मागे आली आणि मधल्या बाकड्यापाशी थबकली.

"दाजी, चावी फिरवू नकात."

"काय झाला?"

"गॅस."

दाजींनी मान वर करून हवा ओढली. "माका काय वास येना नाय."

"माका येता."

बशा तिथेच ठेवून ती रिकाम्या चौकटीपाशी गेली, मग पेटीकडे. झाकण उचललं तर वास तोंडावरच आला. नळी झाकणाच्या कडेखाली दबून चिरली होती. तिने रेग्युलेटर बंद केला, सुटा केला, सिलिंडर उचलून मागच्या उघड्या टोकाला नेला. पण जो सुटला होता तो पेटीच्या फटींतून खाली उतरला होता. फळ्यांखाली, तळात. त्याच तळात पुढे इंजिन होतं.

होडी एव्हाना प्रवाहाला आडवी झाली होती. ओहोटी तिला खाडीच्या मुखाकडे ओढत होती. तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या, पांढऱ्या, एकामागून एक.

"नांगर टाका परत," संचिता म्हणाली.

दाजींनी टाकला. दोरी ताणली, सैल पडली, पुन्हा ताणली. खालची वाळू भुसभुशीत होती. नांगर फरफटत येत होता.

"धरना नाय," दाजी ओरडले. "उघडलंस मां पेटी? गेलो आसतलो वाऱ्यान. थंय लाटो बघ! ही माणसां घेवन आडवो गेलंव तर उलटतली होडी. एकदा सुरू केलंय काय सुटलंव."

"एक ठिणगी पुरता, दाजी."

"होडी माझी आसा."

त्यांचा हात चावीकडे गेला. लग्न होऊन घरात आल्यापासून सासऱ्यांच्या पाया पडण्यापलीकडे तिने त्यांना कधी स्पर्श केला नव्हता. आता तिने त्यांचं मनगट धरून बाजूला सारलं, चावी उपसून काढली आणि हात मागे नेऊन खाडीत भिरकावली.

दाजी पाण्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे.

"फोन कुणी हातात धरू नका. काडी, लायटर, काहीही पेटवू नका. बसून राहा," संचिताने पाहुण्यांना सांगितलं. तिने मधल्या फळ्या एकेक करून उचलल्या, बादली घेतली आणि गुडघ्यांवर बसून उपसायला लागली. तळाशी बादली घालायची, अलगद वर आणायची, काठाबाहेर वाऱ्याच्या अंगाला पालथी करायची.

हिरव्या ओढणीची बाई वाकून बघत होती. "अहो, पण पाणी कुठंय?"

"पाणी नाही. गॅस आहे. पाण्यासारखाच साचतो."

बाईने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग चहाचं पातेलं उचललं आणि समोर बसून तीही उपसू लागली.

दाजी अजून उभेच होते. पुढे लाटांचा आवाज मोठा झाला, तेव्हा त्यांनी छपराला बांधलेला लांब बांबू सोडवला आणि होडीच्या काठावर अनवाणी पाय रोवले. पहिल्या वेळी बांबूला तळ लागला नाही. दुसऱ्या वेळी लागला. रागाने, सगळ्या अंगाने ते रेटत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. होडीचं टोक हळूहळू वळलं आणि प्रवाहाच्या कडेला, बेटाच्या शेपटीशी, वाळूत घुसलं.

गुरुदासची होडी फटफटत जवळ येऊ लागली. तोही पर्यटक नेणारा, वाडीतलाच. संचिता उभी राहून ओरडली, "थंयच रव! इंजिन घेवन जवळ येव नको!"

त्याने इंजिन बंद केलं आणि लांबूनच खिशातला फोन काढून चित्रण सुरू केलं. पाहुणे मांडीभर पाण्यातून वाळूवर उतरले. ती मात्र उपसत राहिली, बादलीमागून बादली, खांदे भरून येईपर्यंत. नंतर तिने डोकं तळात घातलं, वास घेतला, आणि पुन्हा बादली उचलली.

दुसऱ्या दिवसापर्यंत ती चित्रफीत सगळ्या किनाऱ्यावर फिरली होती. कोरड्या होडीतून बाई बादलीने हवा उपसतेय. खाली हसणारे चेहरे. दुपारी होडीवाल्यांनी जेटीवरच्या शेडमध्ये बैठक बोलावली. दाजींना बोलावणं होतं. संचिताला नव्हतं. ती गेली.

बाबली या मंडळींचा अध्यक्ष होता. भला माणूस, भांडणं मिटवण्यात हुशार. तो म्हणाला, "बघ संचिता, गॅस हुतो काय नाय ता देवाक म्हायत. पण सकाळपासून गिरायकां फोन करून इचारतत, तुमच्या होडये फुटतत काय म्हणान. हंगाम सगळ्यांचो आसा. गुरुदास फोन धरतलो, तू फक्त सांग, गैरसमज झालो. मिनिटाचा काम."

"गैरसमज होवक नाय."

"आमका म्हायत आसा गो, पण..."

"म्हायत आसा तर खोटा कशाक सांगूचा?"

"मगे दाखय मां गॅस!" गुरुदास म्हणाला. दोघंतिघं हसले.

संचिता त्याच्याकडे वळली. "होडी फुटली आसती तर तुमी माका खरी म्हटला आसतास. फुटाक नाय म्हणान मी खोटी?"

हसू थांबलं. बाबलीने घसा साफ केला.

"दाजीनू, तुमी जुने जाणते. तुमी थंय हुतास. तुमीच सांगा, तुमका वास इलो?"

दाजी बाकड्याच्या टोकाला बसले होते. दोन्ही तळवे गुडघ्यांवर. कालपासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"नाय," ते म्हणाले.

गुरुदासने मांडीवर थाप मारली. संचिताने मान खाली घातली नाही. ती दाजींकडेच बघत राहिली.

"माका कसलोच वास येना नाय," दाजी म्हणाले. "त्या साथीत ताप इललो, तेवापासून. डिझेल नाय, उदबत्ती नाय. मासळी कुसली तरी कळना नाय."

होडीवर उभ्या उभ्या वाऱ्यातून पावसाचा वास घेणारा माणूस म्हणून दाजींची ख्याती होती. संचिताला आठवलं, बाजारातून आणलेला बांगडा ते तिच्या तोंडासमोर धरत, बघ गो, ताजो आसा? तिला वाटे, परीक्षा घेतायत.

"तेवा माका काय इचारतंस, बाबली?" दाजी म्हणाले. "तिका इचार. आमच्या होडयेर नाक तिचा आसा."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. डोळ्यांत आलेलं पाणी तिने पुसलं नाही, त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

"चावी मी फेकलंय," ती म्हणाली. "परत तशी येळ इली तर परत फेकतलंय. उद्या आमची होडी सुटतली. सिलिंडर मागे, उघड्यार, सगळ्यांका दिसात असो. ज्यांका हसूचा आसा त्यांनी हसा." तिने गुरुदासकडे बघितलं. "पण तुझ्या होडयेर तो पेटीत आसा. माणसां बसवच्या आदी तो भायर काढ."

गुरुदासने फोन खिशात टाकला. बाबली काहीतरी म्हणत होता, पण ती वळली होती.

वाडीकडे जाणाऱ्या वाळूच्या वाटेवर दाजी तिच्या मागून येत होते. माडांच्या सावल्या आडव्या पडल्या होत्या.

"खंयपर्यंत इललो?" दाजींनी विचारलं.

"काय?"

"वास."

संचिता थांबली नाही. "तुमच्या पायांपर्यंत."

मागची पावलं थबकली. वाळूत काही क्षण नुसती तिचीच चाल वाजत राहिली. मग दाजी भराभर चालत पुढे आले आणि तिच्या बरोबरीने चालू लागले.