पाणमांजर तळ्याचा नवा सभासद

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून रोझेर जेलिना घरी जेवायला बसला, तेव्हा पाहुणी आलेल्या त्याच्या मोठ्या बहिणीने वाटाण्याच्या सूपचा वाडगा त्याच्यापुढे जवळजवळ आपटलाच.

"खा बाबा, आत्ताच पोटभर खाऊन घे," ब्लांदीन म्हणाली. "उद्या चांदीच्या चमच्याशिवाय घास उतरायचा नाही तुझा."

रोझेर खाली मान घालून सूप पिऊ लागला. त्याची बायको फेर्नांद मात्र गप्प बसणारी नव्हती. "आपल्या माणसाचं जरा बरं व्हायला लागलं की या गावाला लगेच अजीर्ण होतं," ती म्हणाली. "निदान बहिणीला तरी होऊ नये!"

भांडणाचं कारण असं, की पाणमांजर तळ्याच्या शिकार आणि मासेमारी क्लबाने रोझेरला सभासद व्हायचं आमंत्रण दिलं होतं. गावात एखाद्याला बिशप केलं असतं, तरी इतकी खळबळ झाली नसती. सां-मोरिस नदीच्या वरच्या अंगाला वसलेलं आमचं फ्रेंच बोलणाऱ्यांचं गाव. गावामागचं सगळं रान आणि त्यातली सगळी तळी आमच्या आजोबांच्या काळीच सरकारने या क्लबाला भाड्याने देऊन टाकली होती. सभासद सगळे माँट्रियालचे इंग्रज नाहीतर सीमेपलीकडचे अमेरिकन. रस्त्यावर आडवी साखळी, साखळीपाशी बंदूकवाला पहारेकरी. आमची माणसं साखळीच्या आत जात, ती वल्ही मारायला, लाकडं फोडायला आणि स्वयंपाक करायला. आमची पोरं मासेमारी शिकली ती करवत-गिरणीच्या गढूळ नाल्यात. तळ्यातला ट्राउट मासा कुणाच्या ताटात दिसलाच, तर आधी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा, अशी आमची रीत!

रोझेरचा बाप याच क्लबात वल्ही मारत म्हातारा झाला. ब्लांदीनने उभा जन्म तिथल्या चुलीपुढे काढला. रोझेरने मात्र गावात बोटींच्या इंजिनांचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. सभासदांची इंजिनं तोच दुरुस्त करी. आता तेच लोक त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसायला बोलावत होते.

"बाप वल्ही मारत मेला, म्हणून मीही वल्हीच मारायची का?" रोझेरने चमचा खाली ठेवला. "कुणीतरी पहिलं आत जायलाच हवं ना, ताई? आज मी गेलो, उद्या दुसरा जाईल. दार असंच उघडतं."

"दार उघडत नाहीयेत ते. दाराला गावचंच कुलूप बसवताहेत," ब्लांदीन म्हणाली. "इतकी वर्षं त्यांना तू दिसला नाहीस. आज चर्चशेजारी पॅरिशच्या सभागृहात सभा व्हायला लागल्या, तळी खुली करा म्हणून लोक सरकारकडे अर्ज धाडायला लागले, आणि नेमका आजच दिसलास? उद्या मंत्र्याने विचारलं की हे लोक म्हणतील, 'छे छे, गावाची कसली तक्रार? गावचा माणूस तर आमच्यातच बसतो!' कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, रोझेर. झाडं लोखंडाला घाबरत नाहीत. आपल्यातलंच लाकूड त्याला जाऊन मिळतं, तेव्हा घाबरतात."

"तुझं पोट दुखतंय, दुसरं काही नाही. तू मागच्या दाराने गेलीस, मी पुढच्या दाराने चाललोय!"

 ब्लांदीनने उरलेला पाव फडक्यात गुंडाळला, कोट चढवला आणि ती निघून गेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शुक्रवारी, रोझेर क्लबात पाहुणा म्हणून गेला. नव्या सभासदाला आधी दोन दिवस पारखून घ्यायची त्यांची पद्धत होती. पहारेकऱ्याने साखळी सोडली तेव्हा त्याची छाती कशी भरून आली, ते पुढे त्याने स्वतःच सांगितलं. सिडारच्या ओंडक्यांची ती मोठी इमारत, भिंतीवरची मूस हरणाची शिंगं, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ... लहानपणी बापाला डबा द्यायला आला असताना हे सगळं त्याने खिडकीबाहेरून पाहिलं होतं. आता तो आतून खिडकीकडे पाहत होता.

शनिवारी सकाळी त्याच्या बोटीवर वल्ही मारायला आला ओरेल मासिकोत. दोघं एका गल्लीत वाढलेले, नाल्यात एकाच गळाने मासे धरलेले. रोझेरने हसून हात पुढे केला. ओरेलने टोपीला हात लावला.

"बसा साहेब. बोट हलतेय, सांभाळून."

"अरे, साहेब काय साहेब? मी रोझेर!"

"इथं जो मागच्या बाकावर बसतो तो साहेब," ओरेल म्हणाला आणि त्याने वल्ही पाण्यात टाकली.

सकाळभर तो तेवढ्यास तेवढं बोलला. काळ्या माश्या कानामागे डसत होत्या, पाण्यावर धुकं होतं आणि मासा असा लागत होता की रोझेरला उसंत मिळेना. आयुष्यात इतके सुंदर मासे त्याने धरले नव्हते. पोटाशी केशरी, पाठीवर लाल ठिपके. दुपारी ते एका खडकाच्या आडोशाला जेवायला थांबले. ओरेलने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून गळाची दोरी काढली आणि गुपचूप पाण्यात सोडली. बघता बघता चार-पाच मासे निघाले. ते त्याने ओल्या शेवाळात गुंडाळून बाकाखालच्या पिशवीत सरकवले. क्लबाच्या नियमाप्रमाणे नावाड्याने गळ टाकणं म्हणजे चोरी.

"रोझेर," या वेळी त्याने नावाने हाक मारली, "उद्या चर्चमध्ये आमच्या पोरीचं, ल्युसेतचं, पहिलं कम्युनियन आहे. घरी माणसं जेवायला येणार. तू काही पाहिलं नाहीस."

"मी तर आंधळा आहे," रोझेर हसत म्हणाला. मग ओरेलही हसला. क्षणभर दोघं पुन्हा नाल्याकाठची पोरं झाले.

संध्याकाळी जेवणापूर्वी सभासद व्हरांड्यात व्हिस्की घेऊन बसले. क्लबाचे अध्यक्ष हार्कोर्ट साहेब फ्रेंच छान बोलत. त्यांनी रोझेरचा ग्लास स्वतःच्या हाताने भरला, दुकानाची चौकशी केली, बापाची आठवण काढली. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नावाडी कसा वाटला? हात चांगला आहे त्याचा. स्वतः कधी गळबिळ टाकतो की नाही?"

सगळे जरा शांत झाले. रोझेरला ती शांतता जाणवली, पण त्याला वाटलं, हे माझ्या बोलण्याकडे लक्ष देताहेत! इतक्या मोठ्या माणसांनी त्याच्या तोंडाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, आता काहीतरी मजेदार सांगावं. आणि त्याने सांगितलं. दोरी कशी खिशातून निघाली, डोळे कसे भिरभिरले, शेवाळाचं गाठोडं कसं बाकाखाली गेलं. ओरेलची नक्कलसुद्धा करून दाखवली. "लेकीचं कम्युनियन आहे हो बिचाऱ्याच्या!" असंही वर जोडलं.

सगळे खो खो हसले. हार्कोर्ट साहेबांनी तर डोळे पुसले. रोझेर त्या रात्री सुखाने झोपला.

सकाळी धक्क्यावर दुसराच नावाडी उभा होता.

"ओरेल कुठंय?"

त्या माणसाने पाण्याकडे बघतच उत्तर दिलं. "काल घरी जाताना साखळीपाशी त्याची पिशवी उघडली. मासे रस्त्यावर फेकले. वन-रक्षकाच्या ताब्यात दिला होता. रात्री सोडला म्हणे, पण खटला होणार. आता या नदीवरच्या कुठल्याच क्लबात त्याला वल्हं मिळायचं नाही." मग तो रोझेरकडे वळला. "साहेबांना कसं कळलं, देव जाणे. तुम्ही बसताय ना, साहेब?"

रोझेर बसला नाही. तो तडक भोजनगृहात शिरला. हार्कोर्ट साहेब अंडं सोलत होते.

"चार-पाच मासे!" रोझेर ओरडला. "लेकीच्या जेवणासाठी! मी तर गंमत म्हणून सांगितलं होतं!"

"बसा, मसिय जेलिना," साहेब शांतपणे म्हणाले. "मासे किती, हा प्रश्नच नाही. मासे कुणाचे, हा आहे. तुम्ही दुकानदार आहात, मालकी म्हणजे काय ते तुम्हाला कळतं. म्हणून तर तुम्ही इथं आहात. तुमची माणसं आमच्या पाठीमागे काय करतात, ते इतकी वर्षं आम्हाला समजत नव्हतं. आता समजेल." आणि हसून त्यांनी हात पुढे केला. "अभिनंदन. तुमच्या नावाला समितीत आता कुणाचाही विरोध उरलेला नाही."

तुमची माणसं! आमच्या पाठीमागे! ब्लांदीनने सूपच्या वाडग्यासमोर जे सांगितलं होतं, तेच हा माणूस लोणी लावलेल्या पावासमोर, अगदी प्रेमाने, सांगत होता! रोझेरने पुढे आलेला हात घेतला नाही. "मला तुमचं सभासदत्व नको," एवढंच तो म्हणाला आणि मोटारीचीही वाट न बघता रस्त्याला लागला. साखळीपाशी पहारेकऱ्याने त्याला पाहिलं, लगबगीने साखळी सोडली आणि खाडकन सलाम ठोकला. तो सलाम घेऊन रोझेर गावात आला.

ओरेलच्या अंगणात दोरीवर छोटासा पांढरा झगा वाळत होता. दार त्याच्या बायकोने, जॉर्जेतने, उघडलं. रोझेरला पाहताच ती आत गेली आणि ओरेल उंबऱ्यावर आला.

"आत ये म्हणणार नाही," तो म्हणाला. "कम्युनियन झालं. बटाटे खाल्ले पाहुण्यांनी."

"ओरेल, माझ्या तोंडून निसटलं रे. मला वाटलं, ते हसून सोडून देतील."

"हसले का?"

रोझेरची मान खाली गेली.

"हसले तर!" ओरेल म्हणाला. "तू माझ्यावर रागावून सांगितलं असतंस ना, तर मी समजलो असतो. पैशासाठी सांगितलं असतंस तरी समजलो असतो. तू त्यांना हसवण्यासाठी सांगितलंस!" आणि त्याने दार लावून घेतलं.

संध्याकाळी रोझेर बहिणीच्या स्वयंपाकघरात बसला होता. तो टोमण्यांची वाट पाहत होता. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. पण ब्लांदीन त्याच्यासमोर बसून बटाटे सोलत राहिली.

"नीच माणसं आहेत ताई ती," शेवटी तोच म्हणाला. "तो हार्कोर्ट तर राक्षस आहे."

"मुळीच नाही," ब्लांदीन म्हणाली. "मी न्यूमोनियाने पडले होते, तेव्हा त्यानेच डॉक्टर पाठवला होता. माणूस चांगला आहे. माणसं वाईट आहेत म्हणून हे झालं असं समजशील, तर उद्या चांगल्या माणसांचा क्लब शोधत फिरशील. साखळी चांगल्या माणसाच्या हातात असली, तरी ती साखळीच, रोझेर! तू आत गेलास म्हणून ती आखूड झाली नाही. उलट तिला एक कडी वाढली."

"मग मी आता करू काय?"

"ओरेलच्या दारात गेलास, ते तुझ्या मनासाठी. आता तळ्यांच्या सभेत जा. तिथं गाव बसतं."

तो गेला. पॅरिशचं सभागृह खचाखच भरलं होतं. रोझेर उभा राहिला आणि व्हरांड्यात जे घडलं ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. नक्कल केल्याचंसुद्धा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एकजण म्हणाला, "आता इथलं काय काय तिकडे सांगणार, तेही सांगून टाक!" लोक हसले. रोझेरने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्यावर भरवसा ठेवू नका. पण साखळी काढायच्या अर्जावर माझंही नाव घाला. ती आतून कशी दिसते, हे सांगायला मंत्र्यापुढे उभा राहायची माझी तयारी आहे."  मग गावच्या शाळेच्या मास्तरीणबाईंनी अर्ज आणि पेन त्याच्याकडे सरकवलं.

क्लबाची सगळी दुरुस्तीची कामं गेली. दुकान लहान झालं. फेर्नांद काही महिने त्याच्याशी धड बोलत नव्हती. ओरेल त्याच हिवाळ्यात बिऱ्हाड घेऊन दूर उत्तरेला लोखंडाच्या खाणीवर निघून गेला.

काही वर्षांनी लोकांचा रेटा इतका वाढला की सरकारला क्लबांची मक्तेदारी मोडावी लागली. साखळी निघाली. पहिल्या रविवारी अख्खं गाव तळ्यावर लोटलं. म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन आल्या, पोरांनी पाण्यात गळांचा गुंता करून टाकला. रोझेरही गेला. त्याला कुणी वाईट बोललं नाही, पण त्याच्या बोटीत बसायलाही कुणी आलं नाही.

ओरेल गावात परत आला तो एकदाच, आईच्या अंत्यविधीला. दफन आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांपाशी रोझेरने त्याला गाठलं. दोघांचेही केस पिकले होते.

"तळं खुलं झालंय, ओरेल. उद्या सकाळी चल ना. माझ्या बोटीतून."

"वल्ही कोण मारणार?"

"मी."

ओरेलने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, हेच वाईट.

"नको," तो म्हणाला. "मला आता मासा आवडत नाही." आणि तो मोटारीकडे निघून गेला.

वाचकहो, रोझेर काही दुष्ट नव्हता. तुमच्या-माझ्यासारखाच होता. चार मोठ्या माणसांत आपल्याला खुर्ची मिळावी, आपल्या बोलण्यावर त्यांनी हसावं, एवढीच त्याची हाव. पण ज्या दारातून आपली माणसं हाकलली जातात, ते दार एके दिवशी आपल्या एकट्यासाठी उघडलं, तर आत पाऊल टाकण्याआधी विचारा, 'मलाच का? आणि आजच का?' उत्तर मिळेपर्यंत बाहेरच उभे राहा. साखळ्या तुटतात, तळीही परत मिळतात. पण भरल्या बैठकीत हशासाठी विकलेला मित्र नंतर कितीही वल्ही मारली तरी परत मिळत नाही!