ओनोफ्रेनं आधी विचारलं

ओरांगो बेटावर मागणी घालायची ती बाईनं. लाल पामतेलात शिजवलेला मासा ताटलीत घेऊन ती पुरुषापुढे ठेवते, त्यानं घास घेतला की लग्न ठरलं. त्याला नाही म्हणायची सोय नाही. म्हटलं तर घराण्याचं नाक कापलं जातं. एवढी सरळ रीत असताना त्या ओनोफ्रेला काय अवदसा आठवली कोण जाणे. सकाळी विहिरीवर सात-आठ बायकांच्या देखत त्यानं आपिलीला विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?"

बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. एकीची तर बादलीच विहिरीत पडली. दोन वर्षं बुबाक बेटावरच्या हॉटेलची होडी चालवून पोरगं पार वाया गेलं, असं सगळ्यांचं मत पडलं. आपिली पाणी उचलून चालती झाली.

तिचा संताप होणारच. ताटली त्यालाच द्यायची हे तिचं कधीच ठरलेलं होतं. घर बांधायचं तेही बाईनंच, म्हणून किनाऱ्याला लागलेली लाकडं ती दोन वर्षं गोळा करत होती. हे लाकूड वाकडं, ते किडकं, असं निवांत चाललं होतं. आता ताटली नेली तर गाव म्हणणार, त्यानं हाक मारली आणि ही धावत गेली.

"मग नको नेऊस," मासे साफ करता करता किंतामावशी म्हणाली. "शेजारच्या साबिनानं मात्र सकाळपासून चूल पेटवलीय. कुणासाठी, ते मी नाही विचारलं बाई."

आपिलीनं मावशीच्या हातातला मासाच ओढून घेतला.

तेल जास्त झालं, मीठ राहिलं. दिवस कलला होता, पाणघोडे तळ्यातून चरायला बाहेर पडायची वेळ. तरी ती तळ्याकडच्या जवळच्या वाटेनंच गेली. ओनोफ्रे दारात बसला होता. ताटली ठेवता ठेवता तिनं त्याला बजावलं, "तू विचारलंस म्हणून नाही आले. माझ्या मनानं आलेय."

"चालेल." त्यानं ताटली जवळ ओढली. "सकाळपासून पावलं वाजली की ताटली कुणाच्या हातात आहे ते आधी बघतोय. दुसरी कुणी ताटली ठेवली असती तर मला खावीच लागली असती, आपिली. बुबाकला काय हौस म्हणून गेलो होतो? लपायला गेलो होतो."

आपिली त्याच्या शेजारी बसली. आपण इकडे लाकडं निवडत होतो आणि हा तिकडे जीव मुठीत धरून होता, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याची फार माया आली.

"विचारलंस ते बरं केलंस," ती हळूच म्हणाली. "मी आणखी वर्षभर लाकडंच बघत बसले असते."

ओनोफ्रेनं नुसती मान हलवली. त्याच्या तोंडात घास होता.