शर्मिष्ठाच्या बापासाठी गाऱ्हाणं

साडेसातची मालिका संपणार हे कळल्यावर बाबांनी लवू गुरवाकडून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून घेतलं. आमच्याकडे गाऱ्हाणं बोटीसाठी घालतात, लग्नासाठी घालतात, गेला बाजार हरवलेल्या म्हशीसाठी घालतात. मालिकेतल्या माणसासाठी घातल्याचं ऐकिवात नव्हतं. पण नारळ मोठा होता, त्यामुळे लवूने फार चौकशी केली नाही.

"बा देवा म्हाराजा," लवू डोळे मिटून म्हणाला, "शर्मिष्ठा म्हणान जा चेडू आसा, त्येना बापाशीक न इचारता लगीन केल्यान. आता त्या बापाशीक बुद्धी दी, आणि दोघांची भेट घडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा आणि मी म्हणालो.

मग लवूने हळूच विचारलं, "पन गंगाराम, ह्येचा शूटिंग आधीच झाला नसात?"

"देवाक काय कठीण?" बाबा म्हणाले.

माझी बहीण रसिका. तिने पुण्यात मिहीरशी लग्न केलं आणि आम्हाला नंतर कळवलं. बाबा वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी मालिकेतली शर्मिष्ठा पळाली, आणि जाहिराती लागल्या लागल्या बाबांनी स्वतः रसिकाला फोन लावला.

"ह्या चेडवाक बापाशीक इचारूक काय झाला हुता?"

"इचारल्यान आसता तर तो हो म्हणलो आसतो?"

बाबांनी विचार केला. "बघूया उद्या," म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून रोज मालिका संपली की रसिकाचा फोन. विषय फक्त मालिका. तब्येत नाही, नोकरी नाही, मिहीर तर नाहीच. तिला डेंग्यू झाला तेव्हाही बाबांनी शर्मिष्ठाच्या सासूचीच प्रकृती विचारली. फक्त दिवसातून तीनदा विचारली.

आता मालिका गेली की या दोघांनी बोलायचं काय, हे घरात कोणी उच्चारत नव्हतं. आई नुसती घड्याळाकडे वाईट नजरेने बघायची.

शेवटच्या भागाला शेजारची सुभद्राकाकी चटई घेऊन आली. तिने त्या दिवशी मासळी केली नव्हती. "घरात असा काय आसताना बरा दिसता काय?" म्हणाली, आणि रंगाच्या जाहिरातीपासूनच रडायला लागली.

पडद्यावर शर्मिष्ठा फाटकापाशी उभी होती. तिचे वडील दादासाहेब अंगणात आले. बाबा खुर्चीच्या टोकाला आले. दादासाहेबांनी बोलायला तोंड उघडलं आणि अक्षरं उमटली: 'पाच वर्षांनंतर'. मग सगळे एका ओळीत उभे राहून आपल्याला हात हलवत होते. दादासाहेबांच्या खांद्यावर नातू. संपलं.

"बरा झाला गो बाय," असं हुंदक्यातून म्हणत सुभद्राकाकी चटई गुंडाळून गेली. बाबा बसून राहिले. ते बोटींची इंजिनं दुरुस्त करतात.

"बंद पडलेला इंजिन दाखवल्यानी," ते म्हणाले. "चालू झालेला दाखवल्यानी. मदी काय केल्यानी, ता खंय?"

"येळ नसात, बाबा."

"पाच वर्षां होती मा त्यांच्याकडे!"

फोन आला नाही. आईने जेवणाची पानं घेतली, परत उचलली. शेवटी बाबांनीच रसिकाला लावला. स्पीकरवर, कारण इंजिनांनी त्यांचे कान नेलेत.

"बघलंस?"

"बघलंय."

आई पदराने टीव्ही पुसायला लागली. तो स्वच्छच होता.

"पयलो कोण बोललो आसतलो गो?" बाबांनी विचारलं.

"बापूसच. बहुतेक."

"काय बोललो आसतलो?"

"साधाच कायतरी. जेवलंस काय, असा."

"आणि तो जावई खंय हुतो?"

"भायर गाडीत. कोणी बोलवल्याशिवाय येवचो नाय. भियता."

बाबांनी चष्मा काढला, परत घातला.

"तो मासे खाता?"

मालिकेतला जावई पक्का शाकाहारी. त्याच्या ताटात कोणीतरी अंडं ठेवलं होतं, त्यावर चार महिने मालिका चालली होती. हे मला माहीत होतं, रसिकाला माहीत होतं, बाबांना तर त्या अंड्याचा संशयितही माहीत होता.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"खाता," रसिका म्हणाली. "पन काटे काढूक येनत नाय त्येका."

"मगे पेडवे नको," बाबा म्हणाले. "सुरमय आणतंय. सांग त्येका."