डेल्मरची नेहमीची जागा

जीपची मागची चाकंही वळू लागली, त्या दिवशी ऑरिन टकेट पन्नाशी विसरून अंगणात नुसता नाचला. अख्खा हिवाळा गॅरेजात घालवून त्याने भंगारातल्या ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल जीपला मागे बसवला होता. गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबलं की मागची चाकं हवी तिकडे वळत.

"खेकडा केलास जीपचा," त्याचा मेहुणा डेल्मर म्हणाला.

"जळतोस तू. तुझी गाडी वळवायला अख्खं युटा लागतं."

एप्रिलमध्ये दोघे युटातल्याच मोआबच्या खडकांवर जीप चढवायला गेले. बावीस वर्षं हीच जोडी. ऑरिन चालवणार, डेल्मर पायी चालत हातांनी वाट दाखवणार. खडकावर चालकाला चाकं दिसत नाहीत. त्याने फक्त हात बघायचे आणि हात सांगतील तेवढंच करायचं. तिथे स्वतःचं डोकं चालवणाऱ्याची गाडी उलटते, हे मोआबातलं शेंबडं पोरही सांगेल.

अरुंद घळीत डावं वळण आलं. डेल्मर उजवीकडे, मागच्या चाकाजवळ, कड्याला पाठ लावून उभा राहिला. डाव्या वळणाला त्याची जागा हीच, कारण गाडीचं शेपूट आतल्या अंगाला ओढलं जातं आणि बाहेरच्या माणसाला धक्का लागत नाही. या जागेवर त्याला कधी ओरखडासुद्धा आला नव्हता. ही जीप आता तशी वळत नाही, हे दोघांपैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

डेल्मरने डावीकडे हात केला. ऑरिनने मान वळवून तो पाहिला, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि वळण आणखी आवळायला नव्या नवलाईने बटणही दाबलं. मागची चाकं उजवीकडे वळली. जीप पुढे सरकली आणि शेपूट सरळ कड्यावर गेलं.

हात दिसेनासे झाले. ऑरिनने ब्रेक दाबला आणि उजवीकडे झुकून मागे पाहिलं.

डेल्मरची मांडी टायर आणि कड्याच्या मध्ये चेपली गेली होती. चेहरा पांढराफटक पडला होता. बहिणीला काय सांगू, एवढंच ऑरिनच्या मनात आलं. चाकं सरळ करावीत म्हणून अंगठा आपसूक बटणावर गेला.

डेल्मरची मूठ वर आली. मूठ म्हणजे थांब.

ऑरिन थिजला. मग त्याला कळलं की चाक जागच्या जागी वळलं असतं, तर मांडी दळली गेली असती. मूठ उघडली आणि बोटं हलली. मागे, आलास तसाच. जीप बोटभर मागे गेली. मूठ. पुन्हा बोटभर. पुन्हा मूठ. ऑरिनचे डोळे भरून वाहत होते, पण पुसायला नजर हटवायची सोय नव्हती.

टायर सुटला. डेल्मर कड्याला घासत खाली बसला. ऑरिन उडी मारून त्याच्याकडे धावला.

"तुला उतरायला कुणी सांगितलं?" डेल्मर दात आवळून म्हणाला.

ऑरिनला हसू आलं नाही. त्याने मेहुण्याचा हात दोन्ही हातांत घेतला. मूठ अजून वळलेलीच होती, आणि दोघांनी मिळूनही ती उघडेना.