खाडीत उभा राहिलेला खांब

समद गवंड्याला चहात पाणी जास्त झालेलं चाले, काँक्रीटमध्ये झालेलं चालत नसे. मालवणपासून कट्टा गावापर्यंत चाळीस वर्षं त्याने स्लॅब टाकले. माल कालवणाऱ्या गड्याने हात दुखतात म्हणून गुपचूप डबाभर पाणी वाढवलं, तर पाठमोरा असतानाही ते त्याला फावड्याच्या आवाजावरून कळायचं, आणि मग त्या गड्याची धडगत नसे. अशा माणसाची मुलगी आता भर खाडीत, पाण्याच्या पोटात, काँक्रीट ओतायला निघाली होती.

हुमा चोवीस वर्षांची. कणकवलीच्या एका ठेकेदाराकडे इंजिनिअर म्हणून लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. वाडीपुढच्या खाडीत होड्यांसाठी नवी जेटी व्हायची होती. तिचे खांब सहा, आणि पहिला खांब हुमाच्या अंगावर. "हा नीट उभा राहिला तर बाकीचे पाचही तुमचे," ठेकेदार म्हणाला होता, "बिघडला तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल." हे तिने घरी सांगितलं त्या दिवसापासून समदची झोप उडाली होती.

"पाण्यात काँक्रीट ऱ्हवना नाय गो," तो तिला म्हणाला. "शिमिट धुवान जाता. खडी तेवढी ऱ्हवता. माका इचार."

"वरसून टाकल्यार धुवान जाता, अब्बा. आमी वरसून टाकणव नाय. तुमी येवा आणि बघा."

'माका इचार' म्हणायचा समदला पुरेपूर हक्क होता. बत्तीस वर्षांपूर्वी याच जागी त्याने धक्क्याच्या पायऱ्या बांधायला घेतल्या होत्या. खालच्या दोन पायऱ्या ओहोटीतच उरकायच्या होत्या, पण काम रेंगाळलं, भरती चढली, आणि त्याने घाईघाईने घमेली थेट पाण्यातच उलटी करायला लावली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. पुढच्या ओहोटीला सारी वाडी पायऱ्या बघायला जमली, तर तिथे धुतलेल्या खडीचा ढीग. एकाने ती परसात टाकायला टोपलीत भरून नेलीसुद्धा.

समदचं नाव तेव्हा नुकतं कुठे होऊ लागलं होतं. त्याने चारचौघांत बोट दाखवलं ते दाऊदकडे. दाऊद म्हणजे त्याचा लहानपणचा दोस्त, आणि माल कालवणारा गडी. "हेणा शिमिट कमी घातल्यान," समद म्हणाला. दाऊदने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि फावडं खाली ठेवलं. त्यानंतर एकाही गवंड्याने त्याला कामावर घेतलं नाही. तो मासेमारीला लागला. ईदेला दोघांची गळाभेट होई, पण बोलणं होत नसे.

समदने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की त्याची त्यालाच ती खरी वाटू लागली होती. अगदी सगळी नाही.

ओतायच्या दिवशी पुनवेचं उधाण होतं. बाराच्या सुमाराला भरती पूर्ण चढली. खाडीच्या तळात ठोकून बसवलेलं लोखंडी नळकांडं, दोन माणसं कशीबशी मावतील एवढं रुंद, पाण्यात काठोकाठ बुडालं होतं. आत सळ्यांचा पिंजरा, पिंजऱ्याच्या मधोमध थेट तळापर्यंत गेलेला एक पाइप, आणि पाइपच्या डोक्यावर हे मोठं नरसाळं. भोवती फळ्यांचा माळा बांधलेला. हुमाने ओढणीवर पिवळं हेल्मेट चढवलं होतं आणि ती क्रेनवाल्याला खुणा करत होती. समद एका रिकाम्या पिंपावर जाऊन बसला, आणि समोर पाहतो तर दाऊद.

खोली मोजणारा माणूस तापाने फणफणला होता. हुमाने आयत्या वेळी दाऊदचाचाला बोलावणं धाडलं होतं. शिशाचा गोळा बांधलेली दोरी त्याच्यासारखी कोणाच्या हाताला कळत नाही. तळाला चिखल आहे, वाळू आहे की खडक, हे तो नुसत्या बोटांनी सांगतो. तिने फक्त म्हटलं, "चाचा, काँक्रीट किती खोल आसा ता सांगत ऱ्हवा." दाऊदने मान हलवली. समदकडे त्याने पाहिलं नाही.

कणकवलीहून मिक्सरची गाडी आली, काठावरच्या पंपाने माल नरसाळ्याकडे ढकलला, आणि तो पाहून समद पिंपावरून उठलाच. "ही काय पेज केलंस गो? एवढां पाणी?"

"पाणी तुमच्यापेक्षा कमी आसा, अब्बा. औषध घालून पातळ केलंला."

समदने चिमूटभर माल तळहातावर घेऊन चोळला. खरंच, पाणी सुटत नव्हतं. माल पातळ असून बोटांना चिकटून राहत होता. चाळीस वर्षं आपण ज्या गोष्टीवरून माणसांना शिव्या घातल्या, ती अशीही सुटते तर! त्याने हात पुसला आणि परत पिंपावर जाऊन बसला.

नरसाळं तुडुंब भरलं. हुमाने हात खाली केला, आणि सगळा माल एकदम धडधडत पाइपातून उतरला. पाइपातलं पाणी त्याने पुढे रेटलं, तळाशी पोचला, पसरला, आणि पाइपचं तोंड स्वतःच्याच पोटात गाडून घेतलं. मागून येणारा माल आता त्या पोटात जात होता.

"पयलां जां खाली गेलां, तांच सगळ्यात वर ऱ्हवतलां," हुमा बापाला म्हणाली. "पाण्याशी झगडा ताच एकटां करतलां. मागसून येता तेका पाणी दिसना पण नाय. फकत पाइपचां तोंड भायर येवक होया नाय. एकदा जरी इलां, पाणी आत शिरलां, तर खांब गेलो."

समद नळकांड्यावर वाकला. पांढरं पाणी शोधत होता तो. त्या दिवसाचं ते दूध त्याने इतक्या वेळा आठवलं होतं की आता ते दिसणारच अशी त्याची खात्री होती. पण नळकांड्यातून कडेवरून सांडत होतं ते हिरवं, नितळ, खाडीचं पाणी. खाली टनावारी काँक्रीट उतरत होतं आणि खाडी आपली जागा मुकाट्याने सोडत होती. समदच्या अंगावर काटा आला. "या अल्ला," तो पुटपुटला, आणि मग लाज वाटून इकडेतिकडे बघू लागला.

त्याला आपले स्लॅब आठवले. टाकलेल्या प्रत्येक स्लॅबवर त्याने वाफे करून चौदा दिवस पाणी तुंबवून ठेवलं होतं, कारण त्याच्या उस्तादाने तसं शिकवलं होतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. पण मग हा खांब तर जन्मभर पाण्यातच राहणार, त्याला कोणी पाणी मारायलाही नको, हे त्याच्या डोक्यात आज शिरलं.

"चार वाव!" दाऊद ओरडे. दोन्ही हात पसरले की होतं ते अंतर एक वाव. हुमा वहीत लिहून घेई. मग साडेतीन. मग तीन. काँक्रीट वर येईल तसा क्रेनने पाइप थोडा थोडा वर घेतला जाई आणि वरचा तुकडा सोडवून बाजूला ठेवला जाई.

दुसरी गाडी कट्ट्याच्या बाजारात अडकली आणि पाऊण तास उशिरा आली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. हुमाने घाईघाईने हिशेब मांडला, की आता पाइपचा आणखी एक तुकडा काढला तरी तोंड छातीएवढं आत राहतं. तिने क्रेनवाल्याकडे पाहून हात उचलला. साखळी ताणली गेली.

समद दाऊदकडे बघत होता. बत्तीस वर्षांत इतका वेळ त्याला पाहायची वेळ आली नव्हती. सुरुवातीला दाऊद उकिडवा बसून बोटांनी पाणी शिवत होता. नंतर गुडघ्यांवर आला. आता तो फळीवर पालथा पडला होता, हात खांद्यापासून खाली सोडून, आणि पाण्याच्या रेषेपाशी दोरी चिमटीत धरत होता. नळकांड्याच्या कडेला उभी चीर कापलेली होती. त्या चिरेतून आतलं पाणी बाहेरच्या ओहोटीबरोबर खाली गेलं होतं. किती? छातीएवढं.

समद ताडकन उभा राहिला. दाऊद पाण्यापासून मोजत होता. होडीतला माणूस दुसरं कुठून मोजणार? गवंडी मात्र माप धरतो ते न हलणाऱ्या खुणेपासून.

"थांब! उचलू नको! हुमा, पाइप उचलू नको!"

हुमाचा हात जागच्या जागी मिटला. साखळी कुरकुरली आणि थांबली. "काय झालां?"

सगळ्यांच्या माना समदकडून दाऊदकडे वळल्या. दाऊद उठून बसला होता. त्याने चिमटीतल्या दोरीकडे पाहिलं, उतरलेल्या पाण्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. मग त्याने समदच्या तोंडाकडे पाहिलं. तीच नजर होती, फावडं खाली ठेवण्यापूर्वीची. समदच्या जिभेवर शब्द तयार होते. ते त्याला पाठच होते.

"चूक तेची नाय," समद म्हणाला. "खयसून मोजूचां ता तेका कोणी सांगूकच नाय. पाणी उतारलां."

हुमाचा चेहरा पांढराफटक पडला. "माजीच चूक, चाचा. कडेपासून मोजा."

दाऊदने कडेपासून मोजलं. तिने वहीत पुन्हा आकडे मांडले. तो तुकडा वर घेतला असता तर पाइपचं तोंड काँक्रीटमधून सुटलंच असतं. मग तिने पाइप आहे तिथेच ठेवून नरसाळं भरायला सांगितलं. तीन वाजून गेल्यावर नितळ पाण्याखालून एक करडी जमीन हळूहळू वर येताना सगळ्यांनी पाहिली. पांढरं पाणी शेवटपर्यंत दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला सारी वाडी काठावर जमली. समदच्या पायऱ्या पाहायला आलेले म्हातारे त्यात होते. पाण्याशी झगडलेला वरचा थर खरवडून काढायचा होता, आणि ते काम समदने मागून घेतलं. शिडीने तो नळकांड्यात उतरला. खरवडलेलं बादलीत भरायला दुसरा माणूस हवा होता. कोणी सांगण्याआधीच दाऊद उतरला. सळ्यांच्या त्या पिंजऱ्यात दोघे समोरासमोर, छातीला छाती लागेल असे उभे राहिले.

वरचा थर भुसभुशीत, चिखलट होता. समद छिन्नीने तो काढत गेला. हातभर खाली छिन्नी एकदम उसळली आणि खणकन आवाज झाला. त्याने पाण्याने जागा धुतली. खाली करडं, घट्ट काँक्रीट होतं, एक खडा सुटा नाही. त्याने त्यावर तळहात टेकला आणि तो तसाच राहिला. बाहेर खाडी गार होती, लोखंड गार होतं, आणि हे आतून ऊबदार होतं, नुकत्याच झोपेतून उठलेल्या पोराच्या अंगासारखं. आत अजून काहीतरी चाललं होतं. एवढ्या पाण्याच्या मधोमध ते आपलं आपण दगड होत होतं. समदच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दाऊद," तो म्हणाला. "त्या दिशी शिमिट पुरां होतां. तिनय गोणी तू माज्या डोळ्यांदेखत फोडलंस. पाण्यात वतूक मीच सांगलंय. मी खोटां बोललंय."

लोखंडात त्याचा आवाज घुमला आणि वर काठापर्यंत गेला. काठावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या.

"माका म्हायत आसा," दाऊद म्हणाला. "मी थंयच होतंय."

त्याने बादली खाली ठेवली. मग तोही वाकला आणि त्याने समदच्या हाताशेजारी आपला तळहात टेकला.

"गरम आसा रे," तो म्हणाला.