चार बॅगांचं बेट

खताच्या पोत्यांवर पालथे पडून पुंडलिकराव पोहत होते, तेवढ्यात दुकानाच्या दारात पोलीस येऊन उभा राहिला.

पोहत होते म्हणजे अगदी रीतसर. दहा-सव्वीस-सव्वीसची पोती पोटाखाली, हात पुढे फेकलेले, पाय बेडकासारखे झाडलेले, आणि मधूनमधून मान वाकडी करून तोंडानं फुर्रर्र. अंगात फुलाफुलांची अर्धी चड्डी. ती इथं गावातच, नेरात घेतली असती तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या कापूस बाजारानं तिच्यावरची फुलं मोजून काढली असती, म्हणून अमरावतीहून गुपचूप आणलेली. बेटावर नेणाऱ्या कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं, 'पोहण्याचा पोशाख सोबत आणावा'. पुंडलिकरावांचा समज असा, की ज्या अर्थी पोशाख मागतात त्या अर्थी परीक्षाही घेणारच.

"पाय जरा जोरात," गोदामाच्या दाराशी राखण करणाऱ्या नंदाबाई म्हणाल्या. "असे हालवले तं समुद्राच्या मधातच राहून जासान तुमी."

"तू मले शिकवून राह्यली? पुसदले धरण पाहाले गेलतो तं काठावरून हात जोडून मागं सरकणारी तू!"

बेटाचं नाव सायप्रस. भूमध्य समुद्रातलं. त्यांच्या दहावीतल्या लेकीनं, आभानं ते नकाशात शोधून दाखवलं, तेव्हा ते इतकं चिमुकलं निघालं की त्यावर माशी बसली आणि अख्खा देश दिसेनासा झाला. माशी उडेपर्यंत तिघंही श्वास रोखून थांबले. मग आभानं भूगोलाचं पुस्तक वाचलं: तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात.

"म्हंजे आपण डिसेंबरात एवढ्या दूर भिजाले जाचं?" नंदाबाईंनी विचारलं.

त्यांची आजवरची मजल माहूर, शेगाव आणि एकदा नागपूरचा दवाखाना. पण तयारीत त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. विमानात ज्वारीचं पीठ चालतं का, ठेच्याची बरणी फुटली तर विमानवाले पुसतात की आपल्यालाच फडकं देतात, समुद्र खाराच आहे तर मीठ घरी ठेवावं का, अशा सवालांची त्यांनी वही केली होती. दुपारी दुकान रिकामं झालं की नवराबायको वही उघडून बसत. गिऱ्हाईक दिसलं की वही तणनाशकाच्या खोक्यामागे.

कारण ही सगळी गोष्ट चोरीची होती. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात कुणी मोठ्यानं हसलं तरी शेजारचा दचकून बघायचा. कापसाच्या पऱ्हाटीवर लाल्या रोग पडला होता; पानं विटेच्या रंगाची झाली, बोंडं सुपारीएवढी राहून झाडावरच वाळली. टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या आणि माणसं त्यांना पाहून घरात जात होती. अशा साली बियाणं विकणारा माणूस समुद्रात डुंबायला चाललाय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की बेट त्या बियाण्यानंच दिलं होतं. हंगामात कापसाच्या बियाण्याच्या हजार बॅगा विकणाऱ्या दुकानदाराला जोडीनं परदेश, अशी कंपनीची योजना. पुंडलिकरावांच्या हजार भरल्या होत्या.

"हाये का कोणी?" बाहेरून आवाज आला.

पुंडलिकरावांनी फुलांवरच पॅन्ट चढवली, सदरा उलटा घातला आणि धापा टाकत बाहेर आले. दारात रामसिंग जमादार. नेरच्या ठाण्यात बारा वर्षं काढलेला, गावातल्या कुत्र्यांनाही नावानं ओळखणारा माणूस.

"काय पुंडलिकराव, कुठून पळून आले?"

"पोती हालवून राह्यलो होतो."

"तुमचे पासपोर्टचे कागद आले. तुमचा आन वहिनीचा!" रामसिंगनं हे इतक्या मोकळ्या गळ्यानं सांगितलं, की समोरच्या पानठेल्यावर चुना लावणारा हात तिथंच थांबला.

"हळू बोला ना बाप्पा!"

"काहून? सोनं चोरून आणाले चालले का?" रामसिंग हसत स्टुलावर बसला. "हे पाहा, चालचलनाचे दोन साक्षीदार लागतेत. पोस्टमास्तरची सही झाली. दुसरे तुमी लखीराम मास्तर लिवले. मास्तर तं पुसदले पोरीकडे जाऊन बसले, संक्रांतीपर्यंत येत नाहीत."

"माहा साळा हाय ना..."

"नातेवाईक चालत नाही. गावातला कोणीबी चालते, पण आजच पाह्यजे. उद्या रिपोर्ट यवतमाळले गेला नाही तं कागद वापस. मंग विमान उडंल, पण तुमच्याबिगर."

पुंडलिकरावांनी रस्त्यावर नजर टाकली. बाजाराचा दिवस, माणसांची काय कमी? पण ज्याला हाक मारावी आणि ज्याच्या डोळ्यात बघावं, असा एक माणूस सापडेना. जो दिसे त्याच्या शेतात आपली बॅग उभी असलेली त्यांना आठवे. उभी कसली, वाळलेली.

आणि हाक न मारताच एक माणूस नेमका दुकानाकडे वळला. गोविंदा.

साऱ्या तालुक्यातून निवडून एकच माणूस टाळायला सांगितला असता, तर पुंडलिकरावांनी गोविंदाला टाळलं असतं. गावाबाहेरच्या मुरमाड बरडावर त्याचं चार एकर शेत. विहीर नाही, नाला नाही, वरून येईल तेवढंच पाणी. दोन एकरांत ज्वारी-तूर आणि दोन एकरांत घरच्या सरकीचा कापूस, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. यंदा जूनमध्ये तो ज्वारीचं बियाणं घ्यायला आला, त्याच्या पाच मिनिटं आधी नागपूरहून कंपनीच्या सलील साहेबांचा फोन आला होता. आज शेवटची तारीख, पुंडलिकराव, चारच बॅगा कमी पडतात तुमच्या. पुंडलिकरावांनी फोन ठेवला, गोविंदाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सोड बापू ते ज्वारी. चारही एकरांत हा कापूस लाव, पाहत राहशील." बॅगेवर मागच्या अंगाला, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं की हे वाण ओलिताच्या जमिनीसाठीच आहे. त्या ओळीवर अंगठा ठेवूनच त्यांनी गोविंदाला बॅग दाखवली होती.

"राम राम भाऊ. राम राम जमादार," गोविंदा म्हणाला. "हरभरा पाह्यजे होता. पऱ्हाटी उपटून टाकली. थोडी ओल हाय, तवर पेरून घेतो."

"वा! बसा काका," रामसिंगनं खिशातून पेन काढलं. "ह्यायले किती वर्सापासून ओळखता?"

"पुंडलिकभाऊले? बावीस वर्सं झाली. दुकानावर टीन नव्हते, बोऱ्या होत्या, तवापासून." मग गोविंदाचा चेहरा उतरला. "काहून? भाऊनं काही केलं का?"

पुंडलिकरावांनी काउंटरवरची नसलेली धूळ पुसली.

"काही नाही केलं. पासपोर्ट पाह्यजे त्यायले. बाहेर देशात चालले."

"कायले?"

हा सवाल नंदाबाईंच्या वहीत नव्हता. पण कंपनीच्या पत्राच्या माथ्यावर 'शेती अभ्यास सहल' असं छापलेलं होतं. कंपन्या अशा बाबतीत हुशार असतात. ते शब्द पुंडलिकरावांच्या तोंडातून तेलासारखे बाहेर आले. "अभ्यास दौरा हाय. त्या मुलुखात पाणी कमी. कोरडवाहूत ते लोक कसं पिकवतेत, ते पाहाचं."

 गोविंदा खताच्या पोत्यावर हळूच बसला, आणि त्याच्या तोंडावर असं काही पसरत गेलं की पुंडलिकरावांनी नजर वळवली.

"म्हंजे आमच्यापायी चालले तुमी," तो म्हणाला. "एवढ्या दूर. घरदार टाकून."

"तसं नाही..."

"कसं नाही? लिवा जमादार. लिवा, हा माणूस शेतकऱ्यासाठी जीव टाकते."

"काका, एवढी जागा नाही फॉर्मात. 'चालचलन चांगले', एवढंच बसते."

"मंग मागच्या अंगानं लिवा ना! सरकारले कागदाची काय कमी? लिवा, बावीस वर्सं पाहून राह्यलो, वजनात नाही मारलं, भावात नाही मारलं. आन भाऊ," तो पुंडलिकरावांकडे वळला, "येताना तिकडची कोरडवाहूची मूठभर बी आणसान. मूठभरच. मी माह्या बरडावर लावून पाहीन."

पुंडलिकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पॅन्टीच्या आत ती फुलं मांड्यांना अशी चिकटली की जणू सगळा बाजार आरपार बघतोय. रामसिंगनं कागद गोविंदापुढे सरकवला, पेन त्याच्या हातात दिलं. आता गप्प राहायचं, फक्त गप्प. एवढंच काम होतं.

"गोविंदा, सही नको करू," पुंडलिकराव म्हणाले.

"काहून?"

"अभ्यास नाही न फभ्यास नाही. पोहाले चाललो मी. हजार बॅगा विकल्या म्हून कंपनीनं सहल देली, मले आन हिले. चार कमी पडत होत्या. त्या तुह्या होत्या. तुह्या जमिनीत ते चालत नाही, बॅगीवर लिवलं होतं. मले वाचता येत होतं."

 पानठेल्यावरचा चुन्याचा हात पुन्हा हलायला लागला, कारण आता ऐकण्यासारखं काही मोठ्यानं बोललं जात नव्हतं.

गोविंदानं पेन दोन बोटांत फिरवलं.

"मले माहीत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत हाय?"

"मोनालीनं वाचलं. माही नात. बियाची खाली झालेली पिशवी तिनं चिंचोके ठेवाले घेतली, आन बसली अक्षर जुळवत. म्हने, आबा, ह्याले पाणी लागते. तवा पेरून पंधरा दिवस झालते."

"मंग तवाच काहून नाही आला? मले चार शिव्या तं देल्या असत्या!"

"आलतो ना. दोनदा आलतो. दोनी बार तुमी मले पाहून गोदामात गेले. मंग म्हनलं, ह्यायले ठाऊक हाय. ठाऊक असलेल्या माणसाले काय सांगाचं? आता जमादार म्हनले बाहेर देशात चालले, तं मले वाटलं त्याच्याचपायी चालले असान. केलेलं निस्तराले."

बावीस वर्षं ज्या काउंटरमागे पुंडलिकराव उभे होते, तो काउंटर त्यांना एकदम फार उंच वाटला, आणि आपण त्याच्यामागे पोराएवढे.

गोविंदानं कागद गुडघ्यावर घेतला.

"अरे, आता कायले सही करतो?"

"मले बावीस वर्सांचं इचारलं. यंदाचं एकट्याचं इचारलं असतं तं दुसरं सांगतलं असतं." तो एकेक अक्षर जमिनीत रोप खोचावं तसं कागदावर खोचत गेला. "एका साली नापिकी झाली म्हून बरड कोणी टाकून देते का?"

त्यानं कागद रामसिंगला दिला आणि हातावरची शाई धोतराला पुसली.

गोदामाच्या दारात नंदाबाई उभ्या होत्या. त्या केव्हापासून उभ्या होत्या ते त्यांनाच ठाऊक. बॅगा हातोहात खपल्या, एवढंच नवऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. त्या पुढे आल्या, पण पुंडलिकरावांच्या बाजूनं नाही, काउंटरच्या बाहेरच्या अंगानं.

"रामसिंगभाऊ, माहा फॉर्म वापस न्या."

"वहिनी, दमानं इचार करा. एकडाव वापस गेला तं..."

"केला इचार. मले समुद्राचं पाणी मानवत नाही."

इतकंच म्हणून त्या आत गेल्या. ज्या बाईनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता, तिच्या या बोलण्यावर एरवी पुंडलिकरावांनी दिवसभर चेष्टा केली असती.

रामसिंग उठला. "तुमचा रिपोर्ट तं जाते, पुंडलिकराव. काकांनी चांगलं लिवाले लावलं, आता मी ते खोडत नाही. जाचं का नाही, ते तुमचं तुमी पाहा." त्यानं टोपी नीट केली आणि कुणाकडे न बघता मोटारसायकलला किक मारली.

दुकानात दोघंच उरले.

"हरभरा," गोविंदानं आठवण केली.

पुंडलिकरावांनी मागून पिशवी उचलून काउंटरवर ठेवली. गोविंदानं ती घेतली नाही. हातही लावला नाही.

"वाचा," तो म्हणाला.

"काय?"

"तिच्यावर जे लिवलं ते. सगळं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुंडलिकरावांनी चष्मा लावला, पिशवी उजेडाकडे धरली आणि वरच्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वाणाचं नाव. उगवण शेकडा किती. तपासणीची तारीख. जमीन मध्यम ते भारी. बरडावर पातळ पेरावं. बियाण्याला औषध चोळलेलं आहे, जनावराला घालू नये. गोविंदा डोळे मिटून, मान किंचित हलवत ऐकत होता, पोथीच्या वेळी देवळात बसतो तसा. मधेच दोन माणसं दुकानात आली, हा काय प्रकार म्हणून पाहून उभी राहिली. पुंडलिकराव थांबले नाहीत.

ओळी संपल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"तिकडच्या अंगालेबी हाय," गोविंदा डोळे न उघडता म्हणाला.

"तिकडं कंपनीचा पत्ता हाय नुसता."

"वाचा."

पुंडलिकरावांनी पिशवी उलटी केली, आणि प्लॉट नंबर, रस्ता, गाव, जिल्हा, शेवटी पिनकोडचे सहाही आकडे, एकेक सुटा करून, मोठ्यानं वाचले.