बॉनेटवरची गंगम्मा

मी पदराचा तुकडा बोलतोय. यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोललो तर माझ्या चिंध्या होवोत! तशा त्या झाल्याच आहेत, आणि बरीचशी हकिकत मला बादलीनं सांगितलेली आहे. पण बादली कशाला खोटं बोलेल?

मी गंगम्माच्या हिरव्या सुती साडीचा पदर. गंगम्मा म्हणजे झरीच्या गुरुसिद्धप्पांची बायको. अप्पांची लाल जीप येलदरी धरणापर्यंत माणसं वाहायची, आणि तिच्या बॉनेटवर पिवळ्या, ठसठशीत अक्षरांत नाव होतं, गंगम्मा.

धरणाकडून दिवेलागणीला परतताना पाण्यावरचे किडे जीपच्या दिव्यांवर झेपावत. किडे कसले, चिमण्याच! एकेक आदळला की जीप हातभर मागं सरे. घरी पोचेपर्यंत नाव दिसेनासं होई.

अप्पा नखानं खरडायला बसले की खरी गंगम्मा आतून ओरडे, "अवो, माझं नाव हाय ते! खरकटं भांडं तरी आमी कोरडं घासतो का? भिजू द्या जरा. आन् वाळू देऊ नका, वाळले की किडे रंग खातेत."

मग ती मला कोमट पाण्यात बुडवून बॉनेटवर पसरी. दोघं चहा पीत. चहा संपेपर्यंत डाग मऊ पडत आणि हलक्या हातानं सुटून येत. माझं काम तेवढंच, ओलं होऊन पडून राहायचं.

गंगम्मा तापानं गेली. त्यानंतर अप्पांनी एकट्यानं मला पसरलं, पण चहा काही केला नाही. त्यामुळं मला उचलायचं कधी, तेच त्यांना कळेना.

मग त्यांच्या मुलानं, मल्लेशनं, जीप विकायचं काढलं. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"अप्पा, तुमाला समोरचा बैल दिसत न्हाई, गाडी काय चालवायलात?"

"बैल दिसायलाय की. माझ्यासंगं बोलायलाय."

देवगाव फाट्याचं गिऱ्हाईक सोमवारी यायचं ठरलं. अप्पांनी डाव टाकला. शनिवारी त्यांनी येलदरीची शेवटची फेरी मारली, किड्यांनी माखलेली जीप दारात उभी केली आणि मला बादलीतच ठेवलं. रविवारभर डागांना ऊन खाऊ दिलं.

"असली घाण गाडी कोण घेतंय?" ते माझ्याकडं बघून हसले. मला गंगम्माचं सांगणं आठवत होतं. पण फडक्याला तोंड कुठलं?

सोमवारी अप्पा इष्टलिंगाच्या पूजेला बसले. त्या पूजेतून ते मधे उठत नाहीत. बाहेर मल्लेशनं मला डिझेलात बुडवून रगडलं. डाग हलेनात, तेव्हा त्यानं भांड्यांची तारेची घासणी आणली. खर्र, खर्र आवाज घरभर घुमत होता. अप्पांच्या तळहातावर लिंग होतं. ते उठले नाहीत.

बाहेर आले तेव्हा डाग गेले होते आणि रंगही. पिवळं अक्षर एकही राहिलं नव्हतं; खाली करडा पत्रा. गिऱ्हाईक बघून परत गेलं. जीप राहिली. अप्पांना हवं होतं तेच झालं.

"अप्पा, डाग निघंनात म्हणून..." मल्लेशच्या हातात अजून घासणी होती.

"डाग म्याच वाळू दिले बाबा," अप्पा म्हणाले. "तू नुसतं घासलास."

आता जीप दारातच असते. रोज सकाळी अप्पा मला कोमट पाण्यात बुडवून त्या करड्या पत्र्यावर पसरतात. तिथं किडा एकही नाही. पुसत काही नाहीत, नुसते शेजारी बसून राहतात. माझ्या ओलीनं पत्रा गंजायला लागलाय, ते त्यांना दिसत नाही.

आता कबूल करतो. किडे चिमणीएवढे नव्हते, ते तुम्ही ओळखलंच असेल. पण मी गंगम्माचा पदर आहे, तेही खोटं. तो त्याच सोमवारी घासणीच्या तारेत अडकून फाटला. सुनेनं, महेश्वरीनं, स्वतःची हिरवी साडी फाडली आणि गुपचूप मला बादलीत टाकलं.

अप्पा मला बोटांनी चाचपतात आणि हळूच "गंगे" म्हणतात. कधी झरीला आलात, तर एवढी कृपा करा. त्यांना सांगू नका.